येताना ताट आणा

आमच्या भागात लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक साधं, म्हणजे घरटी एक माणूस. दुसरं चुलबंद. चुलबंद आवतण म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, म्हातारीकोतारीनं यायचं, घरी पाहुणा आला असेल तर त्यालाही घेऊन यायचं, आणि त्या दिवशी तुमची चूल पेटली नाही पाहिजे. आता घरोघरी गॅस आला, धूर कोण पाहतो? पण शब्द राहिला आणि शब्दाचा मानही राहिला. चुलबंद आवतण घेऊन ज्यानं घरी स्वयंपाक केला, त्यानं लग्नवाल्याशी संबंध तोडला असंच गाव समजतं.

माझ्या पोरीच्या लग्नात मी अख्ख्या गावाला चुलबंद आवतण दिलं आणि वर सांगितलं, येताना आपापलं ताट अन् गिलास घेऊन या. ही गोष्ट सांगताना माझी मान ताठ होते, हे आधीच सांगून ठेवते. कोणाला गर्व वाटला तर वाटो. शाळेतल्या मराठीत लिहायला बसले आहे, पण चिडले की घरची बोली येईल, बाईनंही 'करतो' म्हणायची, तिला माझा इलाज नाही.

आमचं गाव कामरगावाहून जीपनं थोड्या अंतरावर. गावाला लागूनच आमचं वावर, आणि वावराच्या बांधापलीकडं मोकळं मैदान. गावातलं कोणतंही लग्न असो, पंगती त्या मैदानात बसतात. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या असत. जेवण झालं की गुरं त्या खाऊन टाकत, उरलेल्या उकिरड्यात कुजून जात. मग एकेक करून बांधावरचे पळस गेले आणि थर्माकोलच्या ताटल्या आल्या, प्लास्टिकचे गिलास आले, पाण्याचे पाउच आले. बंदी आहे म्हणतात. असेल. माझ्या वावरात तर ती बंदी कधी दिसली नाही.

पोरीचं लग्न ठरायच्या आदल्या उन्हाळ्यात गावात लग्नांचा नुसता सपाटा लागला होता. पेरणीच्या आधी आमचे हे वखर हाकायला गेले आणि दुपारी घरी आले ते दोन्ही हात भरून. चुरगळलेले गिलास, अर्ध्या ताटल्या, मातीनं भरलेले पाउच. माझ्या पुढ्यात टाकून म्हणाले, "घे. यंदाचं पहिलं पीक."

आमच्या यांना गंमत सुचते, मला संताप येतो. सोयाबीन उगवल्यावर मी निंदायला गेले तर एका ठिकाणी तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, खाडा पडलेला. पाहिलं तर मातीत ताटली पालथी पडलेली. उचलली. खाली सोयाबीनची चार रोपं, पिवळीजर्द, वाकडी होऊन बाहेर यायला वाट शोधत होती. मी तिथंच उभी राहून ज्यांच्या ज्यांच्या घरी लग्न झालं होतं त्या सगळ्यांच्या नावानं शिव्या घातल्या. बाजूच्या वावरातली बाई म्हणाली, "काय झालं वं, साप निंघाला काय?" म्हटलं, "साप बरा. तो आपल्या पायानं जाते तरी."

तिनं हसून सांगितलं, "तुह्या पोरीच्या लग्नात पाहू तू काय करतं ते."

हे मला लागलं. खरोखरच लागलं. कारण माझ्या पोरीच्या पंगतीही त्याच मैदानात बसणार होत्या.

हिवाळ्यात पोरीचं लग्न मेडशीकडच्या मुलाशी ठरलं, तारीख निघाली ऐन मे महिन्यातली, आणि मी विचार करायला लागले. पत्रावळी आणाव्या तर बाजारात मिळतात त्यांना वरून पान आणि खालून प्लास्टिक. ते कोणाला फसवतात, देव जाणे. स्टीलची ताटं भाड्यानं आणावी तर मे महिन्यात एवढी ताटं घासायला पाणी कुठून आणायचं? आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की बायका स्वयंपाक टाकून पळतात. मग एक दिवस चुलीतली राख घेऊन माझं स्वतःचं ताट घासत बसले होते. वाटीभर पाण्यात ताट निघालं, ते पाणी पपईच्या आळ्यात ओतलं, आणि डोक्यात उजेड पडला. एका घरी हजार ताटं घासायची म्हणून अडचण. ज्याचं ताट त्यानं आपल्या घरी घासलं तर अडचण आहे कुठं? देवळाच्या भंडाऱ्याला सारं गाव ताट घेऊन जातंच की. लग्नाला का नाही?

आमचे हे म्हणाले, "लोक हसतीन."

"हसू द्या. हसल्यानं वावरात काही पडत नाही."

"बरं बाप्पा," असं म्हणून त्यांनी विषय सोडला. आमच्या घरात असंच असतं. मी एकदा मनावर घेतलं की ते लांबून पाहतात.

पहिलं आवतण घरच्या मोठ्याला, ही आमची रीत. म्हणून सगळ्यात आधी मी माझ्या मोठ्या जाऊबाईकडं गेले. आमची घरं वेगळी झाली तरी मधात एकच भिंत आहे. भिंतीवरून ताक इकडं येतं, कढीपत्ता तिकडं जातो. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळं या घरात मला जे काही शिकवलं ते जाऊबाईंनी. माझ्या पोरीला तर त्यांनीच वाढवलं म्हणा. मी वावरात, पोरगी त्यांच्या मांडीवर. पोरगी त्यांना मोठी आई म्हणते, आणि तिला जे पहिलं सांगायचं असतं ते ती मला नाही, मोठ्या आईला सांगते. जाऊबाईंकडं गॅस आहे, पण त्यावर फक्त चहा होतो. गॅसवरची भाकर आपल्याला गिळवत नाही असं त्या म्हणतात. रोज सकाळी त्यांच्या अंगणातल्या चुलीचा, तुराट्यांचा धूर भिंतीवरून माझ्या अंगणात येतो.

मी कुंकू लावलं, आवतण दिलं, आणि मोठ्या हौसेनं ताटाची गोष्ट सांगितली. मला वाटलं, पाठ थोपटतील.

"काय म्हनली? ताट?"

"हाव बाई. ताट अन् गिलास."

"लग्नात?"

"लग्नातच."

"अवं, डोकशावर पडली काय तू? भंडाऱ्यात ताट नेतात, तो देवाचा परसाद हाय. लग्नात पाहुणा येते, आपण त्याले बसवतो, त्याच्या पुढं ताट मांडतो. त्याले घरून ताट आण म्हणनं म्हणजे दारात कटोरा घेऊन उभं करणं होय. आपल्या घरात असं कधी झालं नाही."

मी वावराचं सांगितलं, पिवळ्या रोपांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या अडाणी नाहीत. पाण्याचा थेंब त्या वाया घालवत नाहीत, फाटक्या लुगड्याची त्यांच्याकडं आधी पिशवी होते, मग पोतेरं होतं, आणि शेवटी त्याची वात होते. पण पाहुण्याचा मान म्हटला की त्यांच्यापुढं कोणाचं चालत नाही.

"तुले करायचं ते कर," त्या म्हणाल्या. "पोट्टी माह्या मांडीवर वाढली. हळदीपासून पाठवणीलोक मी उभी राहीन. पण मी ताट आणणार नाही. अन् कोण्या दुसऱ्याचं उसनं बी घेणार नाही. तुह्या मांडवात मी जेवणार नाही."

"मंग कोठी जेवान?"

"माही चूल काही मेली नाही."

चुलबंद आवतण, आणि पहिलं आवतण ज्या घराला त्याच घरातून धूर! पण मीही कमी नाही. तोंडातून निघून गेलं, "पेटवा मंग. साऱ्या गावाले दिसू द्या."

घरी येऊन मी रागानं रडले. काय झालं ते पोरीनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं. ती डोळे पुसायला बसली नाही. सरळ म्हणाली, "आई, ताटाचं तू बरोबर करून राह्यली. पण मोठी आई जेवली नाही तं मी गाडीत बसणार नाही. आताच सांगून ठेवतो."

"मंग सांग ना तिले."

"ते तुमचं दोघींचं हाय. तुमीच निस्तरा."

झालं! एका बाजूला वावर, एका बाजूला जाऊबाई, आणि मधात पोरीची धमकी. दोन्ही भाऊ, म्हणजे आमचे हे आणि माझे भासरे, असे काही गप्प बसले की त्यांना या घरात काही चाललंय हेच माहीत नाही.

मी माघार घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी आवतण द्यायला निघाले. प्रत्येक दारात तेच नाटक. आधी कुंकू, मग हसू, मग ताटाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. एकीनं तोंडावर विचारलं, "पैसे वाचवून राह्यली काय वं?" म्हटलं, "हाव. तुह्या वावरात कचरा जाणार नाही तेवढे तुहेही वाचतीन." दुसरीला भीती, ताट बदललं तर? "नाव हाय ना त्याच्यावर," मी म्हटलं. आमच्याकडं आहेरात आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. तिनं फळीवरचं ताट काढून पाहिलं आणि हसायला लागली. त्यावर तिच्या घरातल्या कोणाचंच नाव नव्हतं. चौघांच्या आहेरातून फिरत फिरत आलेलं ताट ते.

हसता हसता लोक तयार झाले, हे मात्र खरं. म्हाताऱ्या आधी तयार झाल्या. त्यांना जुने दिवस आठवले. मग लेकुरवाळ्या. सगळ्यात उशिरा तयार झाले ते तरणे पोट्टे. त्यांना ताट हातात धरून चालायची लाज. मोबाईल चोवीस तास हातात धरायला लाज वाटत नाही, पण ते असो.

किराणा घ्यायला कामरगावच्या शेठजींच्या दुकानात गेले. जैनांचं जुनं दुकान, आणि थर्माकोलच्या ताटल्याही तेच विकतात. यादी ऐकून त्यांनी विचारलं, "अन् ताटल्या?" मी नको म्हटलं, कारण सांगितलं. शेठजी गल्ल्यावरून माझ्याकडं पाहतच राहिले. "भाभी, माझं दुकान बंद करता काय?" मी म्हटलं, "शेठजी, तुमी घरी ताटलीत जेवता काय?" ते मोठ्यानं हसले. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, शेठजींच्या घरी जेवण झालं की ताटात पाणी घालतात, बोटानं ताट धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. अन्नाचा कण वाया जायला नको म्हणून. असं धुतलेलं ताट पुसलं की पुन्हा मांडता येतं. "जेवायला येईन," ते म्हणाले, "पण दिवस मावळायच्या आत वाढा. अन् ताट माझं मी आणीन." आमच्या गावाच्या बाहेरचा पहिला होकार शेठजींचा होता, आणि तो ताटल्या विकणाऱ्याचा होता, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

राहिली नवरदेवाकडची माणसं. विहीणबाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या भल्या बाई. म्हणाल्या, "तुमचं म्हणणं पटते, पण वऱ्हाडाले ताट आणा म्हणून मी कशी सांगू? आमच्याकडचे एकेक कसे हाय तुमाले ठावं नाही." मी म्हटलं, "तुमी काही सांगू नका. तुमच्या माणसाले ताट आमचं गाव देईन." बोलून तर गेले. मग पुन्हा गल्लीत फिरले आणि प्रत्येक घरी सांगितलं, आपलं ताट आणा आणि पाहुण्यासाठी एक जास्तीचं आणा. कोणी नाही म्हटलं नाही. गावाचा मान म्हटल्यावर कोण नाही म्हणतं?

जाऊबाई या सगळ्या दिवसांत रोज येत होत्या. डाळी निवडल्या, शेवया केल्या, रुखवत मांडलं, हळदीची गाणी म्हटली. माझ्याशी बोलायच्या, कामापुरतं. ताटाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. हळदीच्या संध्याकाळी त्यांनी पोरीला न्हाऊ घातलं आणि तिच्या केसांतून हात फिरवताना त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, आता विरघळल्या. मी हळूच म्हटलं, "बाई, उद्या..." त्यांनी पाण्याचा गडवा माझ्या हातात दिला. "उद्याचं उद्या. पाणी आण."

लग्नाच्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी भिंतीकडं पाहिलं. धूर नव्हता. जीव थोडा भांड्यात पडला. पण दिवस मोठा होता.

मांडवाचं सांगते. वर जुन्या साड्यांचं छत, खांबांना आंब्याचे डहाळे, आणि मांडवाच्या तोंडाशी ओळीनं भरलेले रांजण. त्यांच्यावर ओलं गोणपाट. पाण्याची एकही बाटली नव्हती. दुपार चढली आणि गाव यायला लागलं. मी मैदानाच्या तोंडाशी उभी होते. प्रत्येकाच्या हातात ताट. बायकांनी ताटावर रुमाल झाकला होता, जशा पूजेला निघाल्यात. पोरं ताटं वाजवत येत होती. ज्या पोट्ट्यांना लाज वाटत होती त्यांनी ताट शर्टाच्या आत खोचलं होतं, चिलखत घातल्यासारखं. उन्हात ती सारी ताटं चमकत होती आणि माझं गाव, माझ्या एका शब्दावर, चालत येत होतं. मला हुंदका आला. खोटं कशाला सांगू? एवढा अभिमान मला पोरीच्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता.

गावाची पहिली पंगत झकास झाली. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. स्वतःचं ताट असल्यावर माणूस कमी वाढून घेतो, हे मला त्या दिवशी कळलं. खरकटं घेऊन घरी कोण जाईल? शेठजींनी त्यांच्या रीतीप्रमाणं ताट धुऊन पाणी पिऊन टाकलं. बाजूची पोरं डोळे फाडून पाहत होती, मग त्यांनाही तसंच करायची हौस आली. बैलांसाठी खरकट्याचं टोपलं ठेवलं होतं, ते तळालाच राहिलं.

मग वऱ्हाड आलं. जेवढं सांगितलं होतं त्याच्यापेक्षा भल्लं जास्त. एक गाडी वाढवून आणली होती. गावानं दिलेली जास्तीची ताटं एका पंगतीला कशीबशी पुरली, आणि तेवढीच माणसं मागं उभी. आता ती ताटं ताबडतोब घासून पुन्हा मांडायची. आम्ही बायका बसलो राख घेऊन. पण वांग्याच्या भाजीची तर्री! तेल काही निघेना. हात चालत होते आणि ताटं चिकटच. वरून वाढपी ओरडतात, "ताटं आणा, ताटं आणा."

तेवढ्यात माझ्या बाजूची म्हणाली, "अवं, तो धूर पाह्य."

मी वळून पाहिलं. घराच्या मागून, जाऊबाईंच्या अंगणातून धूर निघत होता. चांगला दाट, तुराट्यांचा. सारं गाव मैदानात, सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. नवरीच्या मोठ्या आईच्या घरी लग्नाच्या दिवशी चूल पेटली होती.

मी राखेच्या हातानं तशीच पळत सुटले. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. पाया पडायचं की भांडायचं, तेही ठरलं नव्हतं. अंगणात शिरले. जाऊबाई चुलीपुढं वाकून फुंकर मारत होत्या. चुलीवर मोठा हंडा.

"बाई!"

त्यांनी मान वर केली. चेहरा लाल, कपाळावर काजळी. "उभी काय राह्यली? धर इकून."

"तुमी... चूल..."

"मंग कशावर तापवू? तेलाचं ताट थंड्या पाण्यानं निंघते काय? एवढी शिकली सवरली, एवढी अक्कल नाही तुले? तिकडं पाहुणे ताटकळून राह्यले." मग माझ्या तोंडाकडं पाहून त्यांच्या लक्षात आलं. "काय पाह्यतं? तवा दिसते काय चुलीवर?"

तवा नव्हता. परात नव्हती, पीठ नव्हतं. नुसतं पाणी. मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. आम्ही दोघींनी हंडा उचलला आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांपुढून मैदानात आणला. एका गंगाळात गरम पाणी आणि राख, पुढच्या दोन गंगाळांत साधं पाणी. जाऊबाई पहिल्या गंगाळाशी बसल्या आणि ताट असं काही निघायला लागलं की पाहत राहावं. खालून पाट काढून ते पाणी कडुलिंबाच्या बुडाशी सोडलं होतं. थोड्या वेळात दुसरी पंगत मांडली.

पण लग्न म्हटलं की एकजण रुसणारच. इथं नवरदेवाचे मामा रुसले. ताटाच्या काठावरचं नाव त्यांनी वाचलं आणि ताट पुढं सरकवलं. मोठ्या आवाजात म्हणाले, "आमाले कोण्या भलत्याच माणसाच्या नावाचं ताट? इथी मानपान हाय का नाही? साधी पत्रावळ जमत नाही काय तुमाले?"

पंगत थांबली. विहीणबाईंचा चेहरा उतरला. मी पुढं होणार, तेवढ्यात जाऊबाई गंगाळापासून उठल्या. पदराला हात पुसत मामांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या मनात आलं, संपलं. आता या सगळ्यांसमोर सांगणार, मी आधीच म्हणत होती.

"मामासाहेब," त्या म्हणाल्या, "पत्रावळ विकत मिळते. कोणीही आणते, कोणापुढंही मांडते, जेवण झालं की फेकून देते. तुमाले फेकून द्यायचं ताट पाह्यजे होतं काय? हे ताट आमच्या गावातल्या एका बाईच्या लग्नातलं हाय. तिनं ते फळीवरून काढलं, पुसलं अन् तुमच्यासाठी पाठवलं. उद्या ते तिच्या घरी जाईन, अन् ती म्हणन, ह्या ताटात नवरदेवाचे मामा जेवले. याच्याहून मोठा मान तुमच्याकडं असन तं मले सांगा. तो बी करतो."

मामांनी ताटाकडं पाहिलं, मग जाऊबाईंकडं. ताट पुन्हा पुढ्यात ओढलं आणि म्हणाले, "वाढा."

मागून आमच्या गावातल्या पोट्ट्यांनी ताटं वाजवली, शर्टात लपवलेली सुद्धा. मी काय सांगू? पाहुण्याच्या ज्या मानासाठी जाऊबाई माझ्याशी भांडल्या होत्या, तो मान त्यांनी त्याच ताटात घालून दाखवला होता. मला जे घरोघरी फिरूनही सांगता आलं नव्हतं, ते त्या एका दमात बोलल्या. ही माझी जाऊ, असं ओरडून सांगावंसं वाटलं. ओरडले नाही. वाढायला लागले.

पंगती उठल्या, दिवस कलताना लग्न लागलं. मैदान मी स्वतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिलं. शितं होती, चिमण्या होत्या, आंब्याची पानं पडली होती. बांधापलीकडचं माझं वावर जसं सकाळी होतं तसंच होतं.

शेवटी घरच्या बायकांची पंगत. आमच्याकडं नवरीच्या घरच्या बायका सगळ्यात शेवटी जेवतात. मी माझं ताट घेऊन मांडवात आले. जाऊबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, चहावर दिवस काढलेला. हात मांडीवर. पुढ्यात ताट नव्हतं. घासलेली ताटं बाजूलाच थप्पी लावून ठेवली होती, हात लांब केला असता तर मिळालं असतं. पण त्या उसनं घेणार नव्हत्या, आणि मी देऊ केलं असतं तर तो त्यांचा अपमान झाला असता. त्या बोलल्या होत्या, आणि त्यांचा शब्द मला माहीत होता. समोर पोरगी शालू सावरून बसली होती. तिनं आधी मोठ्या आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बाहेर गाडी उभी होती.

मी जाऊबाईंच्या शेजारी बसले. माझं ताट माझ्या पुढ्यात न ठेवता दोघींच्या मधात ठेवलं. वरण, भात, भाजी वाढून घेतली. पोळी मोडली आणि अर्धी त्यांच्या बाजूला ठेवली.

त्यांनी ताटाकडं पाहिलं.

"मी ताट आणलं नाही बरं," त्या म्हणाल्या.

"नाही आणलं."

"अन् उसनं बी घेतलं नाही."

"नाही घेतलं बाई."

त्यांनी पोळीचा तुकडा घेतला, भाजीत बुडवला आणि खाल्ला. समोर पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते. दुसरा घास घेतल्यावर जाऊबाईंनी ताटातल्या भाताकडं बोट केलं.

"भात काहून एवढा कमी घेतला? दोघीजणी जेवून राह्यल्या इथी."

मी उठले आणि भात आणला.